तेरावा गडी

क्लबाच्या भिंतीवरच्या फोटोत बाराच आहेत,
मोजून बघ.
मागे सित्राच्या रिफायनरीची चिमणी, पुढे पितळी चषक
आणि उजव्या कडेला एका माणसाएवढी रिकामी वाळू.

मी तेव्हा स्टोअरला. फ्लँज, नट, हातमोजे मोजून द्यायचो,
गुरुवारी सुटलो की मैदानावर फक्की मारायचो.
मैदान कसलं, वाळूवर जळकं तेल शिंपून
बसवलेली काळी जमीन.
पडलेल्याचा गुडघा आठ दिवस साबणाला दाद द्यायचा नाही.

फोरमन होलरॉइड विगनचा, खाणकामगाराचा मुलगा.
काड्यापेटीतल्या काड्या टेबलावर मांडून त्यानं मला खेळ शिकवला:
तेरा गडी. सहा पकडी, सहावीला चेंडू त्यांचा.
आणि हातानं चेंडू द्यायचा तो मागेच,
पुढे फक्त माणूस जातो.
मी हसलो.
काय झालं? म्हणाला.
काही नाही साहेब, हे आम्हाला येतं,
दर महिन्याच्या सात तारखेला येतं.

एकोणऐंशीला जहाजावरच्या खलाशांनी आम्हाला
बावन्न-दोननं धुतलं.
त्यातले दोन मी अजून सांगतो:
लॅबमधल्या ग्विलिमची किक,
खांबाला लागून, विचार करून, आत.

ऐंशीत शमाल सुटला. शिट्टीत वाळू गेली,
पंच नुसता गाल फुगवत राहिला,
आणि टोंगाचा वेल्डर सिमिओने
तीन माणसं पाठीवर घेऊन रेघ ओलांडून गेला,
कुंपण ओलांडून गेला,
पार पंपहाउसपाशी थांबला, कुणी सांगितलंच नाही म्हणून.
त्या दिवसाचे आकडे वहीत नाहीत.
फळाच उडाला.

मग ब्याऐंशीची फायनल. समोर दास बेटावरची टीम,
एकेक गडी म्हणजे कपाट.
सकाळी कळलं, ब्रॅडशॉ काविळीनं पिवळा पडलाय.
होलरॉइड फिटरांच्या कॅम्पमध्ये गेला
आणि रावजी भुवडला घेऊन आला.
पालशेतचा रावजी. गावच्या कबड्डीत डावा कोपरा,
वजन अठ्ठावन्न, डबा धरून साठ.
मी म्हटलं, तू तेरावा.
तो म्हणाला, शुभ बोल रे, कोण गेलं?

बूट नको म्हणाला.
जमिनीला हात लावून कपाळाला लावला,
तेलाचा काळा टिळा उमटला.

दुसऱ्या डावात चेंडू त्याच्याकडे आला.
ओठ हलत होते, मी रेघेपाशीच होतो, मला ऐकू आलं:
कबड्डी कबड्डी कबड्डी
एकाच दमात.
एक कपाट चुकवलं, दुसऱ्याच्या काखेतून निसटला,
शेवटची रेघ पायानं शिवली
आणि वळला.
वळला, आणि चेंडू छातीशी धरून तसाच धावत
आमच्या अर्ध्यात परत आला!

होलरॉइडनं टोपी चावली.
दासचे गडी हसून हसून खाली बसले.
पंचानं नियम पाहिला, त्यात असलं काही नव्हतं.
टेकवला नाही, म्हणजे ट्राय नाही.

पण जिंकलो ते त्याच्याचमुळे.
शेवटच्या मिनिटाला त्यांचा सगळ्यात मोठा गडी एकटा सुटला होता,
रावजीनं घोटा धरला. फक्त घोटा.
माड पडावा तसा पडला तो.
दहा-आठ.

फोटोवाला स्टँड लावत होता
तेवढ्यात दुपारपाळीचा भोंगा झाला.
रावजीनं चप्पल शोधली, बस पकडली.

परवा पालशेतला गेलो होतो. ओट्यावर बसून जाळं विणत होता.
दात गेलेत, पंजा तसाच.
बराच वेळ गप्प राहून म्हणाला,
स्टोअरवाले, तो चेंडू टेकवला असता तर किती?
तीन, म्हटलं.
त्यानं बोटं मोजली.
आणि घरी परत आल्याचे
काहीच नाहीत?